हार्ड डिस्क दिसत नाही, तेव्हा आधी काय करायचं?

आता पुढचा प्रश्न. बाहेरून लावायची हार्ड डिस्क जोडली, पण कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही. मंडळी, डिस्क दिसत नाही म्हणजे डेटा गेला, असं नव्हे.

आधी कान लावून ऐका. आतली तबकडी फिरतेय का? फिरत नसेल तर केबल आणि पोर्ट बदला. अडीच इंची डिस्कला वीज यूएसबीतूनच मिळते. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. वीज अपुरी पडली की डिस्क सुरूच होत नाही.

टकटक आवाज येत असेल, तर मात्र ताबडतोब काढा. बहुधा हेड बिघडलेलं असतं, आणि चालू ठेवली तर तबकडीवर ओरखडे पडू शकतात. हे काम सॉफ्टवेअरचं नाही, लॅबचं.

आवाज नेहमीसारखा असेल तर विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये बघा. कधी नुसतं ड्राइव्हचं अक्षर नसतं. ते दिलं की झालं. 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारलं, तर 'नाही' म्हणा. टेस्टडिस्क, फोटोरेक ही मोफत साधनं वापरा आणि सापडलेल्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर ठेवा. त्याच डिस्कवर लिहिलंत, तर उरलेलंही पुसलं जाईल.