छप्पर, पत्र्याचे : कमी उतारावरील सांध्यांची निवड

धातूच्या पत्र्यांनी आच्छादलेल्या छपरात शेजारशेजारचे दोन पत्रे ज्या रेषेवर एकत्र येतात, तेथील जोडाला सांधा म्हणतात. अखंड पत्रा सहसा गळत नाही. गळतो तो सांधा, किंवा पत्रा आवळण्यासाठी पाडलेले भोक. उतार भरपूर असेल, तर सांध्यातील उणीव खपून जाते. उतार १ : ६ पेक्षा (सु. साडेनऊ अंशांपेक्षा) कमी झाला की पाणी संथ वाहते, त्याची खोली वाढते आणि समोरून येणारा वारा ते उलट वर लोटू शकतो. अशा छपराला येथे कमी उताराचे छप्पर म्हटले असून त्यावर कोणता सांधा घ्यावा, याचे विवेचन रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहा या भागांच्या संदर्भात केले आहे.

या भागात वर्षाला सु. ३,००० मिमी. किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. जुनी घरे पेंढ्याने, नळीच्या कौलांनी व पुढे मंगलोरी कौलांनी शाकारलेली असत आणि त्यांची पाखी चांगलीच उभी असत. पन्हळी पत्र्याचे एकस्व हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये लंडन येथे घेतले आणि लोखंडावर जस्ताचा लेप देण्याच्या कृतीचे एकस्व सोरेल यांनी १८३७ मध्ये फ्रान्समध्ये घेतले. जस्तलेपित पन्हळी पत्रा कोकणात आला तो कौलांच्याच उतारावर बसविला गेला व तेथे त्याचा साधा, एकावर एक चढविलेला सांधा पुरेसा ठरला. पुढे रुंद गोदामे व कारखाने आले. गळक्या सपाट गच्चीवर पत्र्याची शेड उभारण्याचा प्रघातही गावोगाव पडला. उंची वाचविण्यासाठी उतार कमी झाला. सांधा मात्र तोच राहिला. आजच्या बहुतेक गळतीचे मूळ येथे आहे.

पाण्याचा हिशोब उद्‌बोधक आहे. आढ्यापासून वळचणीपर्यंत १५ मी. लांबीचे पाखे घेतले आणि ताशी १०० मिमी. वेगाने सर आली, तर दर मीटर रुंदीतून वळचणीशी मिनिटाला २५ लिटर पाणी उतरते. उतार कमी असल्यास तेवढेच पाणी वाहून नेण्यास जास्त खोली लागते व पन्हळीत अडकलेली पाने तीत भर घालतात. पाणी सांध्याच्या माथ्यापर्यंत चढले की आत येते. पण तसे ते चढलेच पाहिजे असे नाही. दोन पत्र्यांतील केसाएवढ्या फटीतून ते केशाकर्षणानेही वर ओढले जाते. म्हणून सांध्यास दोन गुण हवेत : त्याचा माथा पाण्याच्या पातळीहून उंच असावा आणि आतील फट एक तर पूर्ण बंद असावी किंवा केशाकर्षण तुटेल इतकी मोकळी असावी.

साध्या चढीव सांध्यात एका पत्र्याच्या कडेवर दुसऱ्याची कड दीड ते दोन पन्हळींइतकी चढवितात. लांबीच्या दिशेने किमान १५ सेंमी. चढ देतात. पत्रे हुकाच्या बोल्टांनी किंवा स्क्रूंनी आरपार आवळतात. भोक पन्हळीच्या माथ्यावर असावे, खोबणीत नव्हे, हे आपल्याकडील पत्रेकाम करणारे जाणतातच. या सांध्यात ब्यूटिल रबराची चिकटपट्टी घातल्यास तो बऱ्याच कमी उतारावर चालतो. समलंबी पन्हळीचे पत्रे पाख्याच्या पूर्ण लांबीचे मिळतात. ते घेतल्यास आडवे सांधे टळतात, आणि कमी उतारावर सर्वांत आधी गळतात ते आडवे सांधेच.

उभ्या घडीच्या सांध्यात दोन्ही पत्र्यांच्या कडा उभ्या वाकवून एकमेकींत अडकवितात. घडीत अडकणारी व खाली पर्लिनला स्क्रूने बसविलेली धातूची पट्टी (क्लिप) पत्रा धरून ठेवते. त्यामुळे पत्र्याच्या पसरट भागात एकही भोक पडत नाही. याचे प्रमुख प्रकार दोन. खटक्याच्या सांध्यात एक कड दुसरीवर दाबताच ती आत अडकते. काम झटपट होते, परंतु आत फट राहते व पाणी तुंबल्यास ती त्याला रोखत नाही. म्हणून हा सांधा १ : ६ किंवा त्याहून अधिक उतारावरच वापरावा. दुसऱ्या प्रकारात कडा यंत्राने वा हातातील चिमट्यांनी एकदा किंवा दोनदा दुमडतात. दुहेरी घडीचा सांधा, आत लवचिक लांबी भरलेली असल्यास, काही काळ साचलेल्या पाण्यालाही दाद देत नाही. तांबे व शिसे यांच्या जुन्या यूरोपीय छपरांवरील घडीकामाचाच हा वारसा आहे. जवळजवळ सपाट छपरासाठी डाख दिलेला आडवा सांधाही असतो, पण तो तांब्यासारख्या धातूंपुरता. रंगीत पोलादी पत्र्याला त्याचा उपयोग नाही.

अमेरिकेतील इमारत संहितांत लांबी नसलेल्या चढीव सांध्यास किमान १ : ४, लांबी घातलेल्यास १ : २४ व उभ्या घडीच्या सांध्यास १ : ४८ असा उतार सांगितला आहे. हे आकडे काटेकोर जुळणी गृहीत धरतात. पर्लिन थोडी वाकली तरी १ : ४८ चा उतार काही ठिकाणी उलटा होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते कोकणात कोणताही सांधा १ : २० पेक्षा कमी उतारावर बसवू नये.

सांध्याची दुसरी कसोटी वारा ही होय. ताशी १२० किमी. म्हणजे सेकंदाला सु. ३३ मी. वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौ. मी.ला सु. ६८ किग्रॅ. भरतो; अर्धा मिमी. जाड पोलादी पत्र्याचे वजन मात्र दर चौ. मी.ला पाच किग्रॅ.च्या आसपास असते. कमी उताराच्या छपरावर हा दाब मुख्यतः वर खेचणारा असतो आणि कडांशी व कोपऱ्यांशी तो सर्वांत तीव्र होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किमी.हून अधिक होता व जिल्ह्यात असंख्य घरांचे पत्रे उडाले. आरपार आवळलेला पातळ पत्रा वॉशरभोवती फाटतो. उभ्या घडीचा सांधा क्लिप निसटल्याने उघडतो. म्हणून वळचणीशी व कोपऱ्यांत स्क्रू वा क्लिपा मधल्या भागापेक्षा बऱ्याच जवळ हव्यात. वादळापुढे केवळ न गळणारा सांधा पुरत नाही.

पत्रा उन्हाने वाढतो. २० मी. लांबीचा पोलादी पत्रा तापमानातील ४०° से. फरकाने सु. १० मिमी. व ॲल्युमिनियमचा सु. १९ मिमी. लांबतो. आरपार स्क्रूंची भोके त्यामुळे रुंदावतात व रबरी वॉशर सैल होतात. दोन-तीन पावसाळे कोरडे गेलेले छप्पर मग अचानक गळू लागते. लांब पाख्यासाठी सरकत्या क्लिपा घेऊन पत्रा एकाच टोकाशी पक्का करतात.

धातूची निवडही सांध्याशी निगडित आहे. पेणकडे धरमतर खाडीवरून खारी हवा येते. रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक कारखाने आहेत व आम्लयुक्त वाफा जस्त खातात. घडीत लेप ताणला जातो आणि ओल टिकते, म्हणून गंज तेथे लवकर धरतो. भारतीय मानक २७७ मध्ये जस्तलेपाच्या प्रती दोन्ही बाजूंच्या एकूण वजनावरून ठरविल्या आहेत, दर चौ. मी.ला १२० ग्रॅ. लेपाचा स्वस्त पत्रा या भागात घेणे खोटी काटकसर आहे, २७५ ग्रॅ.चा घ्यावा.

पेण व त्याजवळील हमरापूर, जोहे या गावांतील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत या प्रश्नाची खरी झळ पोहोचते. शाडूची मूर्ती भाजलेली नसते. तिच्यावर सतत ठिबकणारे पाणी पडल्यास खड्डा पडतो व रंग ओघळतो. चतुर्थी भाद्रपदात येते, म्हणजे वर्षभराचे काम ऐन पावसात याच पत्र्याखाली रचलेले असते. अशा लहान शेडमध्ये घडीचे यंत्र आणणे परवडत नाही. तेथे उतार १ : ४ पर्यंत वाढवून, पूर्ण लांबीचा पत्रा व पट्टी घातलेला चढीव सांधा वापरावा, नवख्या हाताने घातलेल्या दुहेरी घडीपेक्षा तो केव्हाही भरवशाचा. दुहेरी घडीचा सांधा धाटावसारख्या ठिकाणच्या रुंद शेडसाठी राखावा, कारण तेथे उतार वाढविणे खर्चाचे असते. हिवाळ्यातील निरभ्र रात्री पत्र्याच्या खालच्या बाजूस दव धरून ठिबकते, त्याला मात्र सांधा जबाबदार नसतो. त्यासाठी पत्र्याखाली उष्णतारोधक थर व वायुवीजन लागते.