भीमाशंकरचा हिरडा

वैद्याने वर्षातून एकदा तरी वनात जावे, असे आमचे गुरुजन सांगत असत. त्यानुसार २०२४ च्या एप्रिलअखेरीस आम्ही काही वैद्य भीमाशंकरी गेलो.

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले हे स्थान सह्याद्रीच्या माथ्यावर, दाट अरण्यात आहे. भीमा नदीचा उगम येथलाच. माथ्यावरून पायऱ्या उतरून मंदिरी जावे लागते. चिमाजीअप्पांनी वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तेथे पाहावयास मिळते. भोवतालचे वन १९८५ पासून अभयारण्य असून राज्यप्राणी शेकरूचे ते आश्रयस्थान होय.

दर्शन आटोपून परतताना एका दुकानात विविध मुळ्या मांडलेल्या दिसल्या. त्यांची नावे विक्रेत्यास नीट सांगता येईनात. आमच्यापैकी एकाने कुतूहलाने पुडी विकत घेतली, तेव्हा ज्येष्ठ वैद्यांनी त्यास तेथेच थांबविले. "ओळख नाही ते औषध नव्हे, आणि मूळ उपटले की वनस्पतीच संपली," असे ते म्हणाले.

पुढे आंबेगाव तालुक्यातील एका वाडीत थांबलो. अंगणात कोवळा हिरडा वाळत घातला होता. या भागातील महादेव कोळी कुटुंबांचे उन्हाळ्यातील रोख उत्पन्न बव्हंशी या बाळहिरड्यावर अवलंबून असते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात येथील पुष्कळ हिरडे उन्मळून पडले. नव्या झाडास फळे येण्यास अनेक वर्षे लागतात.

आम्ही घरातील वृद्धेस विचारले, "आजी, थोडी फळे पिकण्यासाठी झाडावर ठेवता का?"

"बाळहिरड्याला गिऱ्हाईक हाय. पिकल्याला कोन इचारतो?" आजी म्हणाल्या.

या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. बाळहिरडा अठळी धरण्यापूर्वी तोडला जातो. सर्वच फळे तोडली गेली, तर बी पडणार कोठून आणि नवी झाडे होणार कशी? वस्तुतः भावप्रकाशाने नवी, स्निग्ध, गोल, जड व पाण्यात बुडणारी हरीतकी श्रेष्ठ मानली आहे. त्रिफळेसाठी आपणांस पक्व फळच हवे. मृदू विरेचनार्थ तुपात वा एरंडतेलात भाजलेला बाळहिरडा योजला जातो, हेही खरे. तथापि तेवढ्यासाठी झाड ओरबाडण्याचे कारण नाही.

यास्तव औषधीनिर्माते व भांडारचालक यांना आमची विनंती आहे. बाळहिरड्याबरोबर पक्व हिरड्याचीही मागणी नोंदवावी, त्यास संग्राहकास परवडेल असा भाव द्यावा, आणि प्रत्येक झाडावर काही फळे राखावीत अशी अट खरेदीतच घालावी. माल शक्यतो संग्राहकांकडूनच घ्यावा. म्हणजे द्रव्याची ओळखही पटते.

शिशिरात पिप्पलीसह, वसंतात मधासह हरीतकी द्यावी, असा ऋतुहरीतकीचा क्रम आपण रुग्णांस सांगतो. तो क्रम पुढील पिढीच्या वैद्यांनाही सांगता यावा, यासाठी झाडावरील चार फळे आज राखणे हे आपलेच कर्तव्य आहे.