हृदयाची वाट पायातून

पन्हाळ्यावर एसटी थेट गडात जाते, त्यामुळे पायी चढायची वेळ फारशी कुणावर येत नाही. तरीही बुधवार पेठेकडून चालत वर येणाऱ्यांत एखादे काका दिसतात. थोडा चढ चढला की त्यांच्या पोटरीत गोळा येतो. दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की सुटतो आणि पुन्हा तेवढंच अंतर झालं की परत येतो. मागून येणाऱ्या मावशींच्या छातीत भरून येतं, थांबलं की ओसरतं. घरी काकांच्या पोटरीला मलम चोळतात आणि मावशींना ॲसिडिटी म्हणून थंड दूध देतात. दोघांचं दुखणं मात्र एकच असू शकतं. धमनीच्या अस्तराखाली वर्षानुवर्षं चरबी आणि कॅल्शियम साचतं आणि आतली वाट अरुंद होते. हृदयाच्या कोरोनरी धमन्यांत हे झालं की छाती तक्रार करते, पायाच्या धमन्यांत झालं की पोटरी.

पण तक्रार चढावरच का? कोरोनरी धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं आणि आपण स्वस्थ बसलेलो असतानाही त्याचा स्नायू रक्तातला साधारण ७० टक्के प्राणवायू काढून घेतो. काम वाढलं तर आणखी काढायला फारसं उरलेलंच नसतं, जास्तीचं रक्तच आणावं लागतं. निरोगी धमन्या गरज पडली की चौपट रक्त आणतात. अरुंद झालेल्या धमनीचं दुखणं इथे सुरू होतं. नळीचा व्यास निम्मा झाला तर तेवढ्याच दाबाने वाहणारा प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो.

तरीही बसल्या जागी काहीच जाणवत नाही, आणि नवल आहे ते इथेच. अडथळ्याच्या पुढच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आपणहून सैलावतात आणि प्रवाह सांभाळून घेतात. आजूबाजूच्या बारीक फांद्याही हळूहळू रुंदावतात. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज रात्री आडवाटेने विशाळगडाकडे निघाले, तशी रक्तालाही आडवाट सापडते. पण आडवाटेने थोडीच माणसं जाऊ शकतात. चढ लागला, मागणी वाढली की राखीव साठा आधीच वापरून झालेला असतो. म्हणून पलंगावर झोपवून काढलेला ईसीजी कित्येकदा स्वच्छ येतो आणि डॉक्टर ट्रेडमिलवर चालवतात. तिथे दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढवतात, म्हणजे घाट दवाखान्यात आणतात.

पायाची तपासणी तर त्याहून साधी. रुग्णाला आडवं झोपवायचं. दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, दुसरा घोट्याच्या वर. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे जेली लावून पेनाएवढा डॉपलर टेकवायचा. लयीत सूं-सूं आवाज येतो, तो धमनीतल्या धावत्या रक्ताचा. पट्टा फुगवत गेलं की आवाज बंद पडतो. हवा हळूहळू सोडायची आणि आवाज ज्या आकड्यावर परततो तो लिहून घ्यायचा. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. दंडात १४० आणि घोट्यात ८४ असेल तर उत्तर ०.६. एकाच्या आसपास आलं तर ठीक, ०.९ च्या खाली आलं तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असं धरतात. मधुमेह्यांत धमनी कडक होऊन पट्ट्याने दबत नाही आणि आकडा फसवा मोठा येतो, तेव्हा पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात.

आता हाच भागाकार हृदयात पाहा. अँजिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून दोनेक मिलिमीटर जाडीची नळी हृदयापर्यंत नेतात, रंगद्रव सोडतात आणि क्ष-किरणांत अडथळा पाहतात. पण चित्रात भयंकर दिसणारा अडथळा खरंच रक्त अडवतो का, हे चित्र नेहमी सांगत नाही. मग ०.३६ मिलिमीटर जाडीची दाब मोजणारी तार अडथळ्याच्या पलीकडे नेतात आणि औषधाने रक्तप्रवाह वाढवून पलीकडच्या दाबाला अलीकडच्या दाबाने भागतात. उत्तर ०.८० किंवा कमी आलं तर स्टेंटचा, म्हणजे धमनी उघडी धरणाऱ्या जाळीदार नळीचा विचार, वर राहिलं तर बहुधा गोळ्यांवर भागतं.

उपचारांचा इतिहासही पायातूनच सुरू होतो. १६ जानेवारी १९६४ ला अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांच्यापुढे ८२ वर्षांच्या एक आजी होत्या. पायाची बोटं काळी पडलेली, शल्यविशारद पाय कापा म्हणत होते, आजी ऐकत नव्हत्या. डॉटर यांनी मांडीच्या धमनीत एकात एक बसणाऱ्या नळ्या सरकवून वाट रुंद केली. पाय वाचला, आणि आजी शेवटपर्यंत आपल्या दोन पायांवर चालल्या. झ्युरिचच्या आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी हीच कल्पना उचलली आणि घरच्या स्वयंपाकघरात खटपट करून नळीच्या टोकावर बारीक फुगा बसवला. तो १९७४ मध्ये आधी पायाच्या धमनीत वापरला आणि १६ सप्टेंबर १९७७ ला जगात प्रथमच जाग्या माणसाच्या कोरोनरी धमनीत फुगवला. बायपासमध्येही पायच मदतीला येतो. रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये रुग्णाच्या पायातली शीर काढून हृदयावर जोडायची पद्धत रूढ केली, ती आजही चालते.

स्टेंट आता दुर्मीळ राहिला नाही. २०१७ मध्ये केंद्राने त्याच्या किमतीवर मर्यादा घातली, आणि राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. पण स्टेंट एका जागेची वाट उघडतो, आजार सगळ्या धमन्यांत असतो. म्हणून तंबाखू आणि बिडी कायमची सोडणं, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं, कोलेस्टेरॉलची गोळी रोज घेणं हा मूळ उपचार. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

पोटरीच्या दुखण्यावरचं एक औषध तर ऐकून खरं वाटत नाही: चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, निदान बारा आठवडे. न थांबता चालण्याचं अंतर यानं चांगलंच वाढतं. मात्र सुरुवात करण्याआधी हृदय तपासून घ्यायचं, कारण ज्याच्या पायाच्या धमन्या बिघडल्या त्याच्या हृदयाच्याही बिघडलेल्या असण्याचा संभव मोठा. चालणं थांबवल्यावरही छातीतली कळ पंधरा-वीस मिनिटं राहिली, घाम फुटला, तर चालणं-बिलणं बाजूला. लगेच १०८ ला फोन करायचा. पन्हाळ्याहून कोल्हापूर वीसेक किलोमीटर आहे, आणि बंद धमनी लवकर उघडली तर स्नायू वाचतो.

तेव्हा दवाखान्यात गेल्यावर 'पाय दुखतो' एवढंच सांगून थांबू नका. किती चाललं की दुखतं, थांबल्यावर किती वेळात जातं, चढावर लवकर येतं का, हे सांगा. आणि घोट्याचा दाब मोजा असं सुचवायला संकोचू नका. दोन पट्टे, एक डॉपलर आणि एक भागाकार, इतक्यात पायाची खबर कळते आणि हृदयाचीही चाहूल लागते.