मेलेल्या पाखराचे मोल

हरभऱ्याला घाटे धरू लागले की अकोला-अमरावतीकडचा जाणता शेतकरी शेतात इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या काठ्या रोवतो. त्यांना पक्षीथांबे म्हणतात. कोतवाल, साळुंकी त्यांवर बसून घाटेअळी टिपतात आणि फवारणीचा थोडाफार खर्च वाचतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही सेवाच होय. फक्त तिचे बिल येत नाही. आणि बिल येत नाही म्हणूनच हा बिनपगारी मजूर उद्या बांधावर मरून पडला, तर तो कशाने मेला हे विचारावयाचे कोणाच्या मनात येत नाही.

कोंबडीचे तसे नसते. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला कोंबड्या मरू लागताच नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेकडे धावले. मेळघाटात वाघ मेला तर त्याचे शवविच्छेदन नियमानेच होते. कोंबडीला बाजार आहे, वाघाला प्रतिष्ठा आहे. साळुंकीला दोन्ही नाहीत.

पक्ष्यांच्या स्नायूंत राहणाऱ्या परोपजीवींचा प्रश्न येथेच अडतो. रक्तातले परोपजीवी जिवंत पाखराच्या एका थेंबातही सापडतात; रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापाचा डासांतील प्रवास उलगडला, तो असल्याच परोपजीवींचा. स्नायूंतले मात्र बहुधा मेलेल्या देहातच पाहावे लागतात. सार्कोसिस्टिस हा त्यांतला प्रमुख. छातीच्या मांसात, तंतूंच्या दिशेने, तांदळाच्या कण्यांसारख्या पांढुरक्या पुटी दिसतात. कित्येकदा त्या नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. असल्या पुटी उंदराच्या स्नायूंत १८४३ मध्येच आढळल्या होत्या. तरीही या जिवाला दोन यजमान लागतात, भक्ष्याच्या स्नायूंत तो दबा धरतो आणि भक्षकाच्या आतड्यात त्याची लैंगिक वाढ होते, हे कळावयास १९७२ साल उजाडले. बर्लिनमध्ये २००८ च्या सुमारास कबुतरे माना वाकड्या करून मरू लागली, तेव्हा शोध असाच सार्कोसिस्टिसच्या एका नव्या जातीपर्यंत आणि तेथून गॉसहॉकपर्यंत, म्हणजे आपल्या शिक्र्याच्या भाऊबंदापर्यंत, पोहोचला.

परंतु ओळख पटविणे सोपे नाही. हिमोप्रोटियससारख्या रक्तपरोपजीवींच्या ऊतींतील अवस्थाही स्नायूंत फोडांसारख्या वा रक्ताळलेल्या रेघांसारख्या दिसू शकतात. म्हणून पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पुटीची भिंत पाहावी लागते आणि पुष्कळदा शेवटचा निवाडा डीएनएवरच होतो. त्यासाठी एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो, कारण फॉर्मॅलिन डीएनए बिघडविते. वऱ्हाडच्या मे महिन्यात तर हे सारे काही तासांतच उरकले पाहिजे. शिवाय परोपजीवी सापडला म्हणजे त्यानेच मारले असे नव्हे. पुष्कळ पाखरे या पुटी बाळगून सुखाने उडत असतात.

गिधाडांची कथा या दृष्टीने बोलकी आहे. ती झपाट्याने घटू लागली तेव्हा संशय प्रथम एखाद्या संसर्गावर होता. मृतदेह तपासले गेले आणि २००४ मध्ये दोषी ठरले ते गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी घातली. देह उघडून पाहिले नसते तर आपण बहुधा आजही जंतूच शोधीत बसलो असतो.

अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, अमरावतीत प्राणिशास्त्र शिकविणारी महाविद्यालये आहेत, शेजारी मेळघाट आहे. वन्यजीव कायद्यामुळे मेलेला पक्षीही कोणी आपल्या मर्जीने उचलून नेऊ शकत नाही, म्हणून पुढाकार वन खात्यानेच घ्यावयास हवा. परिक्षेत्र कार्यालयात बर्फाची पेटी, दोन बाटल्या, स्थळ-तारखेची चिठ्ठी आणि अकोल्यापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था, इतकेच आरंभाला पुरे. हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावयाचा, असा प्रश्न लेखा शाखा विचारीलच. त्यावर माझ्यासारख्याचे उत्तर असे की, ज्या सेवेचे बिल येत नाही तिच्या देखभालीचा खर्च बाजार कधीच करीत नाही. तो सार्वजनिक तिजोरीनेच करावयाचा असतो.

मेळघाटात रानपिंगळा आहे. शतकाहून अधिक काळ नाहीसा समजला गेलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला. तो सरडे, उंदीर, लहान पाखरे खातो, म्हणजे सार्कोसिस्टिससारख्या जिवाच्या भक्ष्य-भक्षक साखळीत त्याची जागा भक्षकाची. अभ्यासासाठी असा दुर्मीळ पक्षी कोणी मारणार नाही, मारूही नये. त्याच्या आहारातून त्याच्याकडे काय येते हे कळावयाचे असेल, तर त्याच रानातल्या मेलेल्या उंदराचे आणि साळुंकीचे स्नायू आधी वाचावे लागतील.