रुतलेले चाक आणि डिफरेन्शियल

पावसाळ्याच्या तोंडावर व सुगीच्या दिवसांत काळ्या जमिनीतून ट्रॅक्टर किंवा जीप नेताना एक प्रसंग वारंवार घडतो. मागचे एक चाक चिखलात गरगर फिरत राहते आणि दुसरे चाक टणक बांधावर असूनही जागचे हलत नाही. चालक इंजिनाला अधिक वेग देतो. त्याबरोबर फिरणारे चाक अधिक खोल जाते व अखेर गाडी आसापर्यंत रुतते. अशा वेळी इंजिन कमी शक्तीचे आहे असा समज करून घेतला जातो. वस्तुतः इंजिनात शक्ती भरपूर असते. ती चाकांना कशी वाटली जाते ह्यातच अडचणीचे मूळ आहे. ही वाटणी करणाऱ्या भागास डिफरेन्शियल म्हणतात. त्याचे कार्य नीट समजून घेतल्यास डिझेल, टायर व वेळ ह्यांची बचत होते, आणि प्रसंगी चालकाचा जीवही वाचतो.

डिफरेन्शियलची आवश्यकता

बैलगाडीची दोन्ही चाके आसावर एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात. गाडी वळताना बाहेरचे चाक अधिक अंतर चालते व आतले कमी. परंतु चाके स्वतंत्र असल्यामुळे काही अडत नाही. ट्रॅक्टरची मागील चाके मात्र इंजिनाच्या शक्तीने फिरवावयाची असतात. दोन्ही चाके एकाच सलग आसावर पक्की बसविली, तर ती नेहमी सारखीच फिरतील आणि वळण घेताना एका चाकाला घसरावेच लागेल.

हा फरक किती असतो ते पाहू. दोन मागील चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असलेला ट्रॅक्टर शेताच्या टोकाला अर्धे वर्तुळ घेऊन वळतो. आतले चाक वळणाच्या मध्यापासून २.८ मीटरवर व बाहेरचे ४.२ मीटरवर असेल, तर आतले चाक सुमारे ८.८ मीटर चालते आणि बाहेरचे १३.२ मीटर. एका वळणात ४.४ मीटरचा फरक पडतो. आस सलग असता तर प्रत्येक वळणाला एवढे अंतर टायर जमिनीवर खरवडत गेला असता, आणि दातेरी चक्रांवर व आसावर मोठा ताण पडला असता.

ही अडचण दूर करण्यासाठी आस मध्यभागी दुभागतात व दोन्ही अर्ध्या आसांच्या टोकांना दातेरी चक्रे बसवून त्यांच्यामध्ये लहान दातेरी चक्रे घालतात. ही सर्व चक्रे ज्या पेटीत असतात, ती पेटी इंजिनाच्या शक्तीने फिरते. सरळ रस्त्यावर दोन्ही चाके पेटीबरोबर सारखीच फिरतात. वळणावर एक चाक जितके मंदावते, तितकेच दुसरे जलद होते. फ्रान्समधील ओनेझिफोर पेकर ह्यांनी वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी १८२७ साली अशी योजना केली. तेव्हापासूनचे हे तत्त्व आजच्या ट्रॅक्टर, जीप व मोटारींतही कायम आहे.

गुण तोच दोष

डिफरेन्शियल चाकांना निरनिराळी गती देऊ शकते. परंतु फिरविण्याचा जोर मात्र ते दोन्ही चाकांना सारखाच देते. सर्व अडचण ह्याच नियमातून उद्भवते.

समजा, ट्रॅक्टरचे डावे चाक चिखलात आहे व तेथील माती १०० किलोपेक्षा अधिक जोर सहन करीत नाही. उजवे चाक टणक जमिनीवर असून तेथे ७०० किलोपर्यंत जोर लागू शकतो. डावे चाक १०० किलोलाच घसरू लागते, म्हणून उजव्या चाकालाही १०० किलोच मिळतात. दोन्ही मिळून २०० किलो होतात. ट्रॅक्टर पुढे काढण्यास ५०० किलो लागत असतील, तर इंजिन कितीही मोठे असले तरी तो हलणार नाही. थोडक्यात, सर्वांत दुबळी पकड असलेले चाकच दुसऱ्या चाकाचा जोर ठरविते.

उजवे चाक थांबून राहिले की डावे चाक पेटीच्या दुप्पट वेगाने फिरते. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबल्याने जोर वाढत नाही, केवळ खड्डा खोल होतो. चिकण मातीने टायरच्या दात्यांमधील खाचा भरून टायर गुळगुळीत होतो व उरलीसुरली पकडही नाहीशी होते. चाक फिरू लागल्याबरोबर इंजिनाचा वेग कमी करणे, हा म्हणूनच पहिला उपाय होय.

डिफरेन्शियल लॉकचा उपयोग

बहुतेक ट्रॅक्टरांवर बैठकीजवळ, पायाच्या टाचेने दाबता येईल अशी एक कळ असते. ती दाबली की डिफरेन्शियलची दोन्ही बाजूंची चक्रे एकत्र जखडली जातात आणि दोन्ही अर्धे आस एका सलग आसाप्रमाणे वागू लागतात. ह्यालाच डिफरेन्शियल लॉक म्हणतात. वरील उदाहरणात लॉक लावल्यावर डाव्या चाकाचे १०० व उजव्याचे ७०० मिळून ८०० किलोपर्यंत जोर उपलब्ध होतो, आणि ५०० किलो लागणारा ट्रॅक्टर सहज बाहेर येतो.

लॉक वापरताना तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली गोष्ट, चिखलाची जागा समोर दिसताच, चाक घसरण्यापूर्वी लॉक लावावे. एक चाक वेगाने फिरत असताना लॉक लावल्यास धक्क्याने दाते तुटण्याचा संभव असतो. तशी वेळ आल्यास आधी क्लच दाबून चाक थांबू द्यावे. दुसरी गोष्ट, लॉक लावलेले असताना वळू नये. दोन्ही चाके सारखीच फिरत असल्यामुळे ट्रॅक्टर सरळ जाऊ पाहतो व सुकाणूला जुमानत नाही. उतारावर किंवा बांधाच्या कडेला हे फार धोक्याचे असते. तिसरी गोष्ट, टणक जमीन लागताच लॉक सुटल्याची खात्री करावी. पाय काढल्यावरही लॉक सुटले नाही, तर क्लच क्षणभर दाबावा. दात्यांवरील ताण कमी होऊन ते सुटते.

स्वतंत्र ब्रेक आणि ट्रॅक्शन कंट्रोल

ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकासाठी वेगवेगळे ब्रेक असतात. त्यांचा मुख्य उपयोग आखूड जागेत वळण्यासाठी आहे. परंतु लॉक नसेल किंवा बिघडले असेल, तर फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हळूहळू दाबून दुसऱ्या चाकाला जोर देता येतो. डिफरेन्शियलला ब्रेकचा विरोध व मातीचा विरोध ह्यांतील भेद कळत नाही. डाव्या चाकावर ३०० किलोइतका ब्रेक लावला, तर त्या बाजूचा एकूण विरोध ४०० किलो होतो, आणि उजव्या चाकालाही ४०० किलो मिळतात. डाव्या चाकाचे १०० व उजव्याचे ४०० मिळून ५०० किलो प्रत्यक्ष उपयोगी पडतात. ब्रेकमध्ये खर्च झालेली शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणून हा उपाय थोडा वेळच करावा. सडकेवर जाण्यापूर्वी दोन्ही ब्रेक खिटीने एकत्र जोडलेच पाहिजेत. भर वेगात एकाच चाकाचा ब्रेक लागल्यास ट्रॅक्टर फेकला जातो.

आधुनिक मोटारींतील ट्रॅक्शन कंट्रोल ह्याच तत्त्वावर चालते. प्रत्येक चाकाजवळ त्याची गती मोजणारे साधन बसविलेले असते. एक चाक इतरांपेक्षा फार जलद फिरू लागल्याचे दिसताच विद्युत-यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक आपोआप लावते, आणि आवश्यक वाटल्यास इंजिनाची शक्तीही कमी करते. १९८० नंतरच्या दशकात ही योजना मोटारींत येऊ लागली. ट्रॅक्टरचालक जे पायाने करतो, तेच ती यंत्रणा क्षणार्धात करते.

अशी गाडी खाचखळग्यांतून नेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चाक फिरू लागल्यावर यंत्रणेला काम करण्यास क्षणभर अवधी लागतो. तेव्हा घाबरून ॲक्सिलरेटर सोडू नये, तो बेताने व स्थिर दाबून ठेवावा. तसेच खोल वाळूत किंवा पातळ चिखलात गाडीला थोडी गती राखावी लागते, आणि यंत्रणेने इंजिनाची शक्ती कमी केल्यास गाडी तेथेच थांबते. अशा जागी ही यंत्रणा बंद करण्याची कळ गाडीसोबतच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे वापरावी. चढावर फार वेळ चाके फिरवीत राहिल्यास ब्रेक तापतात. अत्यंत कठीण जागी म्हणूनच यांत्रिक लॉक अधिक भरवशाचे ठरते.

चारही चाकांना गती

सामूहिक विकास योजना १९५२ साली सुरू झाल्यावर विकास गटांच्या कामात जीप आली व कच्च्या रस्त्यांवर तिने नाव मिळविले. पुढच्या व मागच्या दोन्ही आसांना शक्ती पोहोचत असल्यामुळे ती साध्या मोटारीपेक्षा खूप पुढे जाते. तथापि चारही चाकांना गती मिळाली म्हणजे गाडी कधीच अडत नाही, असे समजणे चूक आहे. दोन्ही आसांवर साधे डिफरेन्शियल असेल, तर ओढ्याच्या काठावर पुढचे एक व त्याच्या तिरकस समोरचे मागचे एक चाक अधांतरी होताच तीच दोन चाके फिरतात आणि गाडी थांबते. मागील आसावर लॉक असल्यास किंवा ट्रॅक्शन कंट्रोल असल्यास अशा जागेतून सुटका होऊ शकते.

जीपच्या जुन्या पद्धतीत पुढचा व मागचा आस एकमेकांशी पक्के जोडले जातात. त्यांच्यामध्ये डिफरेन्शियल नसते. चारही चाकांची जोडणी म्हणून चिखल, वाळू किंवा सैल मातीवरच करावी. डांबरी सडकेवर वळताना पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर चालतात. हा फरक घसरून निघून जाऊ शकत नाही व सर्व दांड्यांत पीळ भरतो. चारही चाकांना गती असलेल्या ट्रॅक्टरासही हाच नियम लागू आहे.

मातीची मर्यादा

दोन्ही चाके पातळ चिखलात असतील तर लॉक लावूनही उपयोग नाही, कारण जोर घेण्यास जमीनच तयार नसते. चाकांची घसर किती आहे हे शेतातच मोजता येते. टायरवर खडूने खूण करून, अवजार उचललेले असताना चाकाचे दहा फेरे पूर्ण होईपर्यंतचे अंतर मोजावे. नंतर त्याच शेतात अवजार चालू ठेवून पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३४ मीटर भरले, तर ६ मीटर, म्हणजे शेकडा १५ घसर झाली. दोन चाकांना गती असलेल्या ट्रॅक्टरासाठी शेकडा ८ ते १५ घसर योग्य समजावी. त्याहून अधिक असेल तर नांगराची खोली कमी करावी किंवा मागील चाकांवर योग्य तेवढे वजन वाढवावे. भातखाचरातील चिखलणीसाठी लोखंडी पिंजऱ्याची चाके लावावीत. तेथे वजन वाढविल्यास ट्रॅक्टर अधिकच रुततो.

ओल्या काळ्या जमिनीत घसरणारे चाक माती लिंपून टाकते व खाली दडपलेला थर तयार होतो. मुळांना व पाण्याला तो अडवितो. तेव्हा सर्व यंत्रसामग्रीपेक्षा वापशाची वाट पाहणे हा अधिक चांगला उपाय आहे. वापसा नसताना लॉक लावून एक दिवस वाचविण्याच्या प्रयत्नात सबंध हंगामाचे नुकसान होऊ शकते.

जिवाचा धोका

रुतलेला ट्रॅक्टर काढण्यासाठी मागील चाकांना ओंडका किंवा लाकूड बांधण्याची रीत काही ठिकाणी आढळते. ही रीत ताबडतोब सोडून द्यावी. लाकूड अडकून मागची चाके फिरू शकली नाहीत, तर इंजिनाचा जोर नाहीसा होत नाही. तो मागील आसाभोवती ट्रॅक्टरचा पुढचा भाग वर उचलतो, आणि एक-दोन सेकंदांत ट्रॅक्टर मागे उलटून चालकावर पडतो. क्लच दाबण्यासही सवड मिळत नाही. लॉक लावून चाके खोल रुतलेली असताना एकदम क्लच सोडल्यानेही असाच अपघात होतो. ओढावयाची साखळी आसाच्या वर बांधल्यास हा धोका आणखी वाढतो. ती नेहमी खालच्या ओढदांड्यालाच लावावी.

ट्रॅक्टर रुतल्यास अवजार सोडवावे, चाकांपुढील व मागील माती फावड्याने काढावी आणि प्रथम मागे घेऊन पाहावे, कारण मागे जाताना पुढचा भाग उचलला जात नाही. तेवढ्याने न निघाल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरची मदत घ्यावी व ओढतेवेळी साखळीच्या आसपास कोणासही उभे राहू देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच्या सभांतून प्रत्येक ट्रॅक्टरचालकास लॉकची कळ व ब्रेकची खिटी दाखवून, त्या चालू आहेत की नाहीत हे जागेवरच तपासून घ्यावे. अनेक ट्रॅक्टरांवर लॉकची कळ वर्षानुवर्षे न वापरल्याने गंजून बसते. तिला वेळीच वंगण दिले असता ती चिखलात उपयोगी पडते, आणि चाकाला ओंडका बांधण्याची वेळ कोणावरही येत नाही.