स्टिकरवरचा साइज नव्हे, टेपवरचं माप

चितेगावात ‘सिलिंडर’ म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर गॅसची टाकी येत नाही, न्यूमॅटिकचा सिलिंडर येतो. पैठण रोडवरच्या चौदाव्या किलोमीटरच्या दगडाजवळचं हे गाव. व्हिडिओकॉनच्या कारखान्याने त्याचं नाव देशभर नेलं. इथल्या मशीन शॉपमध्ये घडलेल्या पोराला सिलिंडर आणायला पाठवलं तर तो ‘मोठा आणू की छोटा?’ असं विचारत नाही. बोअर म्हणजे आतला व्यास किती, स्ट्रोक म्हणजे दांडा सरकण्याचं अंतर किती आणि बसवायला जागा किती, हे तीन आकडे घेतल्याशिवाय तो दाराबाहेर पडत नाही.

हाच पोरगा रविवारी जवळच्या सातारा डोंगरात माउंटन बाइक घेऊन जायला लागतो, चार-सहा महिन्यांत त्याला ड्रॉपर, म्हणजे सायकल चालवतानाच खाली-वर करता येणारा सीटपोस्ट, घ्यावासा वाटतो, आणि मग तो दुकानदाराला फोन करून विचारतो, “माझी सायकल एम साइजची आहे, दीडशेचा चालेल ना?”

चालेल किंवा नाही चालणार. ‘एम’ या अक्षरात त्याचं उत्तर नाही. ड्रॉपर हा एक सिलिंडरच आहे. त्यालाही बोअर असतो, स्ट्रोक असतो आणि बसायला जागा लागते. ज्यांचा हात रोज व्हर्निअरवर असतो, त्यांनीही इथे अंदाजाने खरेदी करावी याचं नवल वाटतं. त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत. ते एकेक करून पाहू.

गैरसमज : ड्रॉपर म्हणजे सीटखालचा शॉकअप.

वस्तुस्थिती : दोन्ही वस्तू दिसायला सारख्या, काम मात्र वेगळं. शॉकअपवाला सीटपोस्ट खड्ड्यात आपोआप दबतो आणि वर येतो. ड्रॉपर आपण सांगितल्याशिवाय हलत नाही. हँडलजवळची कळ दाबून सीटवर वजन टाकलं की सीट खाली जाते. कळ सोडली की तिथेच थांबते. वजन काढून पुन्हा कळ दाबली की आतल्या हवेच्या किंवा स्प्रिंगच्या जोराने वर येते. धक्का सोसणं हे त्याचं काम नव्हे.

त्याचं काम काय, ते उतारावर कळतं. चढ चढताना पाय जवळजवळ सरळ होईल इतकी सीट उंच हवी, नाहीतर मांड्या भरून येतात. पण तीच उंच सीट सुट्या मुरमाच्या उतारावर अडचण होते. पुढचं चाक दगडावरून खाली जातं, अंग मागे न्यायचं असतं आणि सीटचं टोक पोटात रुततं. गुडघे वाकवायला जागा नसते, म्हणून माणूस ताठ होतो. ताठ माणूस पहिल्याच सुट्या दगडावर पडतो. सीट दहा-पंधरा सेंटिमीटर खाली गेली की अंग खाली बसतं, गुडघे आणि कोपरं मोकळी होतात आणि सायकल अंगाखाली हवी तशी हलू देता येते.

गैरसमज : फ्रेम एम असेल तर १५० मिमी, एल असेल तर २००.

वस्तुस्थिती : एस, एम, एल ही कंपनीने चिकटवलेली अक्षरं आहेत. एका कंपनीचा एम दुसरीच्या एलला भिडतो. ड्रॉपरसाठी फ्रेमचं एकच माप कामाचं : सीट ट्यूबची लांबी, म्हणजे क्रँकच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. जुन्या पद्धतीच्या फ्रेममध्ये ही नळी लांब असे. गेल्या काही वर्षांतल्या माउंटन बाइकमध्ये ती मुद्दाम आखूड करतात, कारण लांब ड्रॉपर बसावा ही आता बनवणाऱ्यांचीच इच्छा असते.

आकड्यांत पाहू. एकाच्या पायाची आतली लांबी, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंत, ७८० मिमी आहे. सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने चालणाऱ्या सूत्राप्रमाणे तिला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण ६९० मिमी येते. सीटच्या माथ्यापासून तिच्या खालच्या रेलपर्यंत साधारण ५० मिमी जातात. उरले ६४०. सीट ट्यूब ४३० मिमीची असेल तर नळीच्या वर, रेलपर्यंत, २१० मिमी जागा मिळाली. ड्रॉपर पूर्ण खाली गेला तरी त्याचं डोकं आणि कॉलर नळीच्या वर राहतात. त्यांची उंची मॉडेलनुसार बदलते, इथे ५५ मिमी धरू. मग स्ट्रोकसाठी राहिले १५५. म्हणजे १५० मिमीचा ड्रॉपर चपखल.

आता हाच माणूस ४८० मिमी सीट ट्यूबच्या सायकलवर बसवा. पाय तोच, सीटची उंची तीच. पण जागा उरली १०५ मिमी. इथे १०० चाच बसेल. उलट, ४३० च्याच फ्रेमवर ८४० मिमी पायाचा माणूस बसला तर हिशेब २०० च्या थोडा पुढे जातो. एकच फ्रेम, तेच स्टिकर, आणि एकाला दीडशे तर दुसऱ्याला दोनशे.

सायकल आधीच हाताशी असेल तर सूत्राचीही गरज नाही. सीट आपल्या रोजच्या चढाच्या उंचीवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर टेकवली की पाय सरळ व्हायला हवा. ती उंची पक्की झाली की सीटक्लॅम्पच्या वरच्या कडेपासून रेलच्या मध्यापर्यंत टेप लावा. त्यातून आपल्या मॉडेलचं डोकं-कॉलर वजा करा. उत्तर मिलिमीटरमध्ये हातात.

गैरसमज : उंच माणसाला लांब ड्रॉपर, बुटक्याला आखूड.

वस्तुस्थिती : उंची धडातही असते आणि पायातही. साडेपाच फुटांचे दोन मित्र शेजारी उभे करा. एकाचा पट्टा दुसऱ्याच्या पट्ट्यापेक्षा दोन बोटं वर असू शकतो. ड्रॉपरला धडाशी काही देणंघेणं नाही. पायाचं माप घरच्या भिंतीलाच घेता येतं. चप्पल काढून भिंतीला पाठ टेकवून उभं राहायचं, एक जाड पुस्तक पायांमध्ये धरून जांघेपर्यंत वर दाबायचं, सीटवर बसल्यावर दाब येतो तितकं. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर खूण करायची आणि जमिनीपासून मोजायचं. दोनदा मोजा. पहिल्या वेळी लाजून पुस्तक ढिलं धरलं जातं आणि सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर हमखास कमी येतात.

गैरसमज : जास्त ट्रॅव्हल (म्हणजे स्ट्रोक) केव्हाही चांगला. नाही जमला तर अर्ध्यावर थांबवू.

वस्तुस्थिती : सगळ्यांत जास्त पैसे इथेच वाया जातात. वरच्या उदाहरणातल्या १५५ मिमीच्या जागेत १८० चा ड्रॉपर घातला तर पूर्ण वर आल्यावर सीट गरजेपेक्षा २५ मिमी उंच राहते. पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलते, पंजा ताणून पायडल गाठावं लागतं, आणि तासाभरात गुडघ्यामागची शीर बोलू लागते. बहुतेक ड्रॉपर मध्ये कुठेही थांबतात, हे खरं. पण मग प्रत्येक चढाच्या तोंडाशी योग्य उंची चाचपडत शोधायची. पूर्ण वर आला की बरोबर उंची, ही ड्रॉपरची निम्मी सोय त्यातच जाते.

आता उलट बाजू बघा. त्याच जागेत १२५ चा घेतला तर तो नळीतून ३० मिमी वर काढून क्लॅम्प आवळता येतो. चढाची उंची अचूक मिळते, उतारावर सीट तेवढी कमी खाली जाते, इतकंच. म्हणून नियम साधा आहे : लहान ड्रॉपर वर काढता येतो, मोठा खाली दाबता येत नाही. काही मॉडेलमध्ये पिना किंवा फिरवायची कॉलर वापरून ट्रॅव्हल १० ते ३० मिमी कमी करता येतो. तशी सोय असेल तरच वरच्या मापाला हात घालावा. ट्रॅव्हल वाढवायची सोय मात्र कुणी देत नाही.

पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली, मोठ्या चाकांची लहान फ्रेम असेल तर आणखी एक गोष्ट तपासायची. मागचा शॉकअप पूर्ण दबल्यावर चाक वर येतं. सीट फार खाली असेल तर टायर सीटला घासतो. आपल्याकडे बहुतेकांच्या सायकलला मागे शॉकअप नसतो, त्यांना ही भीती नाही.

गैरसमज : स्ट्रोक जुळला म्हणजे ड्रॉपर बसला.

वस्तुस्थिती : वर जागा आहे, पण खाली आहे का? न्यूमॅटिक सिलिंडरचा स्ट्रोक जुळतो आणि बॉडी मागच्या प्लेटला टेकते, हा प्रकार वर्कशॉपमधल्या प्रत्येकाने एकदा तरी पाहिलेला असतो. ड्रॉपर जितका वर येणार, तितकी त्याची बाहेरची नळी लांब आणि ती सगळी फ्रेमच्या आत उतरायला हवी. १५० मिमीच्या एखाद्या ड्रॉपरची रेलपासून बुडापर्यंतची लांबी ४४० मिमी असेल, तर वरचे २०५ (स्ट्रोकचे १५० आणि डोकं-कॉलरचे ५५) सोडून २३५ मिमी नळीत जाणार. शिवाय बुडाशी केबलला वळायला दोन-तीन सेंटिमीटर ठेवावे लागतात.

सीटची नळी वरून सरळ दिसते. पण काही फ्रेममध्ये ती खाली वाकलेली असते, काहींत मागच्या शॉकअपचा पिव्होट आडवा येतो, आणि अगदी साध्या फ्रेममध्येही पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याचे नट आतून डोकं काढून असतात. डोळ्याने यातलं काही दिसत नाही. जुना सीटपोस्ट क्लॅम्प सैल करून खाली ढकला. जिथे अडेल तिथे पेनाने रेघ मारा, बाहेर काढून मोजा. जुना पोस्ट आखूड असेल तर त्याच व्यासाचा पाइपचा तुकडा शोधा. चितेगावात लेथवर असा तुकडा टर्न करून देणारा ओळखीत नाही, असा माणूस सापडणं कठीण. झाडूची दांडी मात्र वापरू नका. ती नटांच्या बाजूने सरकून खाली जाते आणि खोटी खोली सांगते.

केबलही इथेच बघून घ्या. आतून जाणाऱ्या केबलसाठी फ्रेमला भोक असावं लागतं. आपल्याकडच्या अनेक परवडणाऱ्या सायकलींना ते नसतं. त्यांनी बाहेरून केबल जाणारा ड्रॉपर घ्यावा. फ्रेमला स्वतः ड्रिल मारू नये. पातळ नळीला भोक पडलं की तिथूनच तडा जायची वाट मोकळी होते.

गैरसमज : ३०.९ आणि ३१.६ मध्ये एकोणीस-वीसचा फरक. ठोकून बसेल.

वस्तुस्थिती : तो फरक ०.७ मिमीचा आहे. सात दशांश म्हणजे काय, हे चितेगावात समजावून सांगायची गरज नाही. माउंटन बाइकला मुख्यतः २७.२, ३०.९, ३१.६ आणि ३४.९ मिमी हे व्यास चालतात. काही स्वस्त सायकलींना यांच्या अधलंमधलं माप असतं, त्यात ड्रॉपर मिळणं अवघड. जाड पोस्ट बारीक नळीत कधीच घालू नये. बारीक पोस्ट जाड नळीत त्याच मापासाठी बनवलेल्या शिमने बसतो. डब्याचा पत्रा कापून गुंडाळला तर पोस्ट सरकतो आणि नळी ओरखडते.

माप शोधायला लांब जावं लागत नाही. जुना पोस्ट पूर्ण बाहेर काढा, खालच्या टोकाचं ग्रीस आणि धूळ फडक्याने पुसा. बहुतेकदा तिथे व्यासाचा आकडा आणि त्याच्या वर किमान खोलीची रेघ कोरलेली दिसते. आकडा पुसला गेला असेल तर व्हर्निअर लावा. नळीच्या आतून मोजणार असाल तर दोन दिशांनी मोजा, कारण वर्षानुवर्षं आवळलेली कड गोल राहिलेली नसते.

गैरसमज : क्लॅम्प जितका घट्ट, तितका पोस्ट पक्का.

वस्तुस्थिती : साध्या पोस्टला हे थोडंफार खपतं, ड्रॉपरला नाही. आतली नळी बाहेरच्या नळीत सरकते, आणि बाहेरची नळी चिमटली की आतलीची वाट अडते. नवा ड्रॉपर हळू वर येतो, अर्ध्यात अडकतो अशी तक्रार असेल तर वस्तूला नावं ठेवण्याआधी क्लॅम्पचा बोल्ट थोडा सैल करून बघा. साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा ड्रॉपरसोबतच्या कागदात दिलेला असतो.

गैरसमज : ड्रॉपर हे रेसवाल्यांचं खूळ.

वस्तुस्थिती : उतारावर सीट खाली करायची गरज माउंटन बाइकइतकीच जुनी आहे. कॅलिफोर्नियाच्या जो ब्रीझ आणि जॉश अँजेल यांनी १९८० च्या दशकात ‘हाइट राइट’ नावाची एक साधी स्प्रिंग काढली होती. क्लॅम्पचा खटका सैल करून सीट दाबायची, पुन्हा सैल केला की स्प्रिंग ती वर ढकलायची. २०१० मध्ये रॉकशॉक्सचा ‘रिव्हर्ब’ आला आणि त्या सुमारास हँडलवरच्या कळीने चालणारे ड्रॉपर सर्रास दिसू लागले. पुढे ही वस्तू डांबरी रस्त्यावरही पोचली. २०२२ च्या मिलान–सान रेमो शर्यतीत स्लोव्हेनियाच्या मातेय मोहोरिचने रोड सायकलला ड्रॉपर लावला, पोज्जो टेकडीच्या उतारावर सगळ्यांना मागे टाकलं आणि शर्यत जिंकली.

तरीही सगळ्यांना तो हवाच असं नाही. चितेगावातून बिडकीनला किंवा शहरात ड्युटीला जाणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. पैठण रोड सपाट आहे, आणि साध्या पोस्टपेक्षा ड्रॉपर दोन-तीनशे ग्रॅमने सहज जड भरतो. महिन्यातून एकदा डोंगरात जाणाऱ्याने उताराच्या तोंडाशी थांबून क्लॅम्पचा खटका उघडून सीट खाली केली तरी काम भागतं. ज्याच्या वाटेत चढ-उतार पाळीपाळीने येतात आणि दर वेळी उतरायचा कंटाळा येऊन जो उंच सीटवरच उतार घेतो, त्याच्यासाठी मात्र ड्रॉपर चैनीची वस्तू नाही.

तेव्हा दुकानात फोन लावण्याआधी एक चिठ्ठी करा. क्लॅम्पपासून रेलपर्यंतचं अंतर. नळीच्या आत मोकळी मिळणारी खोली. पोस्टचा व्यास. केबल आतून की बाहेरून. दुकानदार सवयीने विचारेल, “फ्रेम कुठली, एम का एल?” त्याला चिठ्ठी वाचून दाखवा आणि त्याच्याकडून दोनच आकडे मागा, ड्रॉपरची एकूण लांबी आणि डोकं-कॉलरची उंची. सिलिंडर आणायला गेल्यावर विचारता, तसेच.