किल्लारी पडण्याआधीची

३० सप्टेंबर १९९३ नंतरचे ते दिवस. कांजूरमार्गच्या चाळीत आम्ही दूरदर्शनवर किल्लारी पाहिली ती पडल्यावरचीच. दगडमातीचे ढिगारे, चितांचा धूर. गणेशविसर्जनाच्या रात्री लोक थकून झोपलेले, पहाटे ३.५६ ला माळवदाच्या जाड भिंती अंगावर आल्या. सुमारे आठ हजार माणसे गेली. गवताच्या हलक्या छपराखालची बरीच वाचली. गरिबीने एवढे तरी केले!

१९०६ च्या भूकंपाच्या काही दिवस आधी माइल्स बंधूंनी सॅन फ्रान्सिस्कोत ट्रामला कॅमेरा लावून मार्केट स्ट्रीट टिपला. घोडागाड्या, मोटारी, धावती पोरे. भूकंपानंतर तोच रस्ता पुन्हा टिपला.

आमच्या लातूरकडच्या मंडळींकडे लग्नाचे दोन फोटो आहेत. नवरानवरीकडे कुणी बघत नाही, मागची भिंत बघतात.